भावजींची मोटार

राऊ गावाच्या उतारावर ब्रेक लागेना, म्हणून शेजारच्या भावजींनी आपली दोन सीटची विलायती मोटार सरळ चिखलात घातली. मी आठव्या महिन्यात, त्यांच्या शेजारी बसून दवाखान्यात निघालेली. भावजी उतरले आणि आधी मोटारीलाच घोडीसारखं थोपटून म्हणाले, “बुजली बिचारी.”

“भावजी, मी पण आहे इथे!”

संस्थानं जाऊन मध्यभारत राज्य झाल्यावर त्यांच्याकडची दरबारची पागा गेली, मोटार राहिली. दसऱ्याला घोड्याऐवजी तिला झेंडूची माळ. पुढे दुसरी घेतली, तीही त्याच कंपनीची.

“आता तरी कंपनी बदलायची!”

“वहिनी, एक घोडी बुजली म्हणून क्या नस्ल छोड़ दें?”

वेडेपणाच होता. पण हल्ली मोटारीला थोपटणारं कोणी दिसत नाही, हे खरं. त्या दिवशी ते, मी आणि पोटातली माझी मुलगी, तिघंही वाचलो.