विसावी कांडी

गिरजा गेल्याचं तिच्या मुलानं दारात उभं राहून सांगितलं, तेव्हा मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं आणि निघाले. त्याला दीड महिना झाला. लोक म्हणतात, देवमाणूस होती. नव्हती. हट्टी होती, तोंडावर बोलायची... म्हणूनच आमचं जमलं.

ती विणकरांच्या घरची. लग्न होऊन दिघोरीला आली तेव्हा सूत गुंडाळायच्या वीस लाकडी कांड्या पत्र्याच्या डब्यात घालून आणल्या होत्या. पुढे जंगलापलीकडे गोळीबार सुरू झाला आणि तिकडची काही कुटुंबं आमच्या तलावाजवळ येऊन राहिली. मी तांदूळ दिले आणि माझं काम झालं असं समजले. गिरजा डबा घेऊन गेली. "पोट त भरलं वं, पन पोरं दिवसभर करतीन काय?" त्यांची बोली तिला येत नव्हती. कांड्या रचून, पाडून ती आकडे शिकवू लागली. सुकमी नावाची सहा-सात वर्षांची पोर आईशीही बोलत नव्हती, ती वीसपर्यंत मोजू लागली.

तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा, आला. गावच्या पोरांचे बैल लाकडी. या पोरांना गिरजानं तलावाच्या मातीचे करून दिले आणि तोरणाखाली उभं केलं. तोरण तुटताच कुणीतरी फटाक्यांची लड लावली. ती सगळी पोरं बैल टाकून जमिनीवर पालथी पडली. गाव हसलं. मीही हसले.

वाटेत गिरजा म्हणाली, "तू काहून हासली वं?"

"सगळेच हासले."

"मी तुले इचारून राहिली."

थोडं चालून तीच म्हणाली, "चूक माही हाये. फटाके फुटतेत, मले मालूम होतं."

सुकमीचं तोंड पुन्हा मिटलं. डबा दिसला की आईमागे लपायची. गिरजा रोज दुपारी त्यांच्या झोपडीपासून लांब बसून डब्यावर कांडी हळू वाजवू लागली. एक ठोका, एक आकडा. दर दिवशी दोन पावलं जवळ, जोर जरासा जास्त. मी म्हणाले, "येडी झाली का?" "चूप बस, नाहीतर तू मोज." मी मोजू लागले. धान निसवून लोंब्या आल्या होत्या तेव्हाची गोष्ट... सुकमी आली, गिरजाच्या हातातली कांडी घेतली आणि डब्यावर असा ठोका हाणला की मीच दचकले. सुकमी हसली. मला.

"झालं," गिरजा म्हणाली, "फिटलं तुमचं."

कापणीनंतर ती कुटुंबं पुढे गेली. सुकमीनं ती कांडी नेली. मी म्हणाले, मागून घे. गिरजानं नाही मागितली. त्यानंतर गावच्या कितीतरी पोरांना तिनं एकोणीस कांड्यांवर मोजायला शिकवलं. विसावा ठोका बोटानं मारायची.

"जुनं लाकूड हाये, न्या," म्हणत तिच्या सुनेनं डबा मला दिला. माझी पणती एकोणीसवर अडते आणि विचारते, "विसावी कोठं हाये?"

"सुकमीजवळ," मी सांगते, आणि बोटानं पत्र्यावर ठोका मारते.