तात्यांच्या पानाशी बसलेला दर्यावरचा पाहुणा

माझे वडील, म्हणजे तात्या, गेले त्या वर्षीच्या पितृपक्षात त्यांच्या पानाशी जो येऊन बसला, तो कावळा नव्हता.

नव्वदच्या दशकातलं नेरूळ. तीन दिवस वारं पिसाटलं होतं (आमची एक बादली थेट उरणात उतरली, अशी माझी पक्की खबर आहे!). चौथ्या दिवशी उघडीप मिळाली तसं आम्ही सोसायटीच्या गच्चीवर तात्यांचं पान मांडलं. साताऱ्याहून आलेली सत्तरीची आत्या म्हणाली, "दादाच्या घासाला कावळा शिवल्याबिगर मी पाण्याचा थेंब घेणार न्हाय."

आणि आभाळातून धप्पकन उतरला तो! पांढराशुभ्र, बदकाच्या दुप्पट, पंखांना काळे काठ, चोच म्हणजे पिवळा सुराच. जमलेले कावळे बोंबलत पळाले. तो पानासमोर बसला आणि माझ्याकडे असा बघू लागला, जसे तात्या माझं प्रगतिपुस्तक बघत.

"दादाच ह्यो!" आत्यानं हात जोडले. "नाक बघ की!"

नाक तात्यांचंच होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. पण खिरीला चोच लावेल तर शपथ! बारा वाजले, एक, दीड. अर्धी सोसायटी गच्चीवर जमली. आत्याला भोवळ येऊ लागली.

"अहो, काहीतरी कबूल करा," बायको कुजबुजली. "आत्या जातील हो अशानं!"

"बाळ्या," आत्या कण्हली, "दादाचा जीव तुझ्यातच अडकलाय. बोल!"

तात्या कट्टर माळकरी. घरात माशाचं नाव काढायची बंदी. आणि मी दर बुधवारी तळमजल्यावरच्या दामाकाकांकडे चोरून बांगडे हाणत होतो! मी डोळे मिटून ओरडलो, "तात्या, चुकलो! आजपासून मासा सोडला! मरेपर्यंत!"

पक्ष्यानं पाठ फिरवली.

तेवढ्यात गलका ऐकून खुद्द दामाकाका वर आले. जन्म खाडीकाठच्या गावात गेलेला माणूस. पाहताक्षणी कपाळाला हात! "आरं, हा दर्यावरचा पाखरू हाय! पार लांबच्या बेटांवर ऱ्हातो, जिथं मानूस नाय का झाड नाय. माज्या बापानं होडीतून पायलेला, एकदाच. वाऱ्यानं आनलाय त्याला. खीर कशी खानार तो? म्हावरा द्या!"

"श्राद्धाला मासा?" आत्या किंचाळली. तोवर काकांनी खालून बांगडे आणवून एक टाकलाही. गट्टम! दुसरा. तिसरा.

मग तो कठड्यावर चढला, वाऱ्याकडे तोंड केलं आणि पंख उघडले. ते उघडतच गेले! एकदाही न फडफडता वाऱ्यानं त्याला अलगद उचललं, आणि तो खाडीवरून समुद्राकडे निघाला. ज्या बेटांची नावंही आम्हांला ठाऊक नव्हती, त्यांची वाट त्याला पाठ होती. ठिपका विरेपर्यंत आम्ही हात जोडून उभे होतो. मागे एका कावळ्यानं येऊन वडा उचलला, त्याच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

आत्यानं डोळे पुसले. "जन्मभर मन मारलं की रं माझ्या दादानं! आजपास्नं या घरात मासा शिजू दे."

त्या दिवसापासून घरात आठवड्यातून तीनदा कालवण सुरू झालं. आत्या साताऱ्याला परत गेलीच नाही, काटेसुद्धा चोखून ठेवायची. मी मात्र अर्ध्या सोसायटीदेखत शपथ घेऊन बसलोय. तेव्हा वरणभात कालवत, वास घेत, आमच्या खानदानात माळकरी उरलोय तो एकटा मीच. तोही बिनमाळेचा!