विनताचा मेपल

विनता मेश्राम वीज कार्यालयात तक्रारींच्या खिडकीमागे बसते. बिल जास्त आलं, मीटर बंद पडलं, लाइन कापली, की जबलपूरची माणसं येऊन तिच्यावर ओरडतात. ती ऐकून घेते. घरीही तिचा आवाज कधी चढत नसे. नवरा गौतम एका सेठजींच्या मार्बलच्या दुकानात हिशेब बघतो. तो चारचौघांत सांगायचा, "आमच्या हिला राग म्हणून माहीतच नाही."

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास ती नर्सरीत तुळस घ्यायला गेली होती. मागच्या भिंतीशी टाकाऊ रोपांत एक जपानी मेपल पडला होता. पानांच्या कडा करपलेल्या, खोड एका बाजूला झुकलेलं, वर काठीसारखा सरळ वाढलेला शेंडा.

"दीदी, ये यहाँ की गर्मी नहीं झेलेगा," माळी म्हणाला आणि जवळजवळ फुकटातच देऊन टाकला.

पण विनताने बुंध्याजवळची माती बोटाने बाजूला केली होती. खाली खोडाला सुंदर वळण होतं आणि मुळं पंजासारखी पसरलेली होती. तिला तेवढंच हवं होतं.

थंडीत पानं गळाल्यावर तिने करवत घेतली आणि सगळ्यात खालच्या दोन फांद्या ठेवून वरचं खोड उडवलं.

"चांगलं झाड होतं, काहून कापून राहिली?" गौतमने विचारलं.

"बोन्साय करून राहिली," ती म्हणाली. त्याने पुढे काही विचारलं नाही.

जखमेवर तिने लेप लावला. एका फांदीला तार गुंडाळून वर वळवली, तोच नवा शेंडा. दुसरी डावीकडे खाली झुकवली. साल कोवळी असते, तार रुतली की व्रण राहतो, म्हणून ती रोज ऑफिसला जाण्याआधी तार बघायची. उन्हाळ्यात झाड मागच्या व्हरांड्यात, हिरव्या जाळीखाली, कूलरच्या गारव्यात. बोअरच्या खाऱ्या पाण्याने पानं जळतात, म्हणून पावसाचं पाणी ड्रमात साठवलेलं. तिसऱ्या थंडीत तिने मुळं छाटून झाड उथळ कुंडीत बसवलं. होळीला लालभडक, नखाएवढी पानं फुटली. डावी फांदी अशी पसरली होती, की विनता चहाचा कप घेऊन तिच्यासमोर नुसती बसून राहायची.

त्याच महिन्यात ती भाचीच्या साखरपुड्याला नागपूरला गेली. परत आली तेव्हा व्हरांड्यातला स्टूल रिकामा होता.

"झाड कुठं आहे?"

"सेठजींची वास्तुपूजा होती ना," गौतम टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला. "मिठाई तर सगळेच नेतात. मी म्हटलं, काही वेगळं द्यावं. लई आवडलं त्यांना."

"मला काहून विचारलं नाही?"

"त्यात काय विचारायचं? नर्सरीतलं झाड. दुसरं आणू."

विनताने प्रवासाची बॅग उघडलीही नाही. बाहेर जाऊन ऑटो थांबवली आणि ग्वारीघाट रोडवरच्या सेठजींच्या नव्या बंगल्याचा पत्ता सांगितला.

झाड दिवाणखान्यात होतं, एसीच्या अगदी खाली. कुंडीत प्लास्टिकची दोन हरणं खोचलेली, खोडाला सोनेरी रिबीन. सेठाणी चांगल्या स्वभावाच्या. "आइए भाभी, बैठिए," म्हणाल्या.

"बैठूँगी नहीं. मैं अपना पेड़ लेने आई हूँ."

सेठाणी हसल्या. "अरे, गिफ्ट भी कोई वापस लेता है?"

"जिसने दिया, उसका था ही नहीं."

खोलीत पाहुणे होते, ते वळून बघू लागले. विनताने हरणं उपटून टेबलावर ठेवली. रिबीन सोडली, आणि तिला कळलं रिबीन कशासाठी होती. डावी फांदी खोडापासून फाटली होती. गौतमने कुंडी स्कूटरवर पायांत धरून नेली होती. वाटेत फांदी मोडली, तेव्हा त्याने वरून रिबीन बांधली होती.

"हमने कुछ नहीं किया, ऐसे ही आया था," सेठाणी घाबरून म्हणाल्या.

"मालूम है," विनता म्हणाली आणि कुंडी उचलून निघाली.

घरी गौतम दारातच उभा होता. सेठजींचा फोन येऊन गेला होता.

"नाक कापलं तू माझं. उद्या दुकानात कोणत्या तोंडानं जाऊ?"

"फांदी मोडली ते तुम्हाला माहीत होतं."

त्याने कुंडीवरची नजर काढून घेतली.

"मोडली ते एक. लपवून काहून दिली?" तिचा आवाज इतका चढला, की शेजारच्या क्षमाताई गॅलरीत आल्या. "तीन वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर करून राहिली मी हे. एकदा तरी पाहिलं का तुम्ही, मी काय करून राहिली ते?"

गौतम आत निघून गेला. विनताने धारदार चाकूने फाटलेली फांदी कापली, जखम साफ केली, लेप लावला. कापलेली फांदी तिने फेकली नाही, जेवणाच्या टेबलावर त्याच्या ताटाशेजारी ठेवली. पानं सुकून गळेपर्यंत ती तिथेच होती.

गौतमची नोकरी गेली नाही. सेठजींनी दुकानात चार दिवस टोमणे मारले आणि सोडून दिलं. "एकदा जाऊन सॉरी म्हणून ये," असं गौतम म्हणत राहिला, ती गेली नाही. शेवटी वैशाखातल्या एका सकाळी तोच म्हणाला, "चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं." तिने ऐकलं. बरं, म्हणाली. पण राग काही तेवढ्याने उतरला नाही.

पावसाळ्यात जखमेच्या कडेला नव्या फांद्यांचे डोळे फुटले. तिने एक ठेवला, बाकीचे चोळून टाकले. व्हरांड्याच्या जाळीच्या दाराला आता कुलूप असतं आणि किल्ली तिच्या पर्समध्ये. कूलरमध्ये पाणी भरायचं झालं, की गौतमला ती मागावी लागते. तो मागतो. ती देते, आणि तो परत येईपर्यंत दारात उभी राहते.