दहा किलो कमी

तीन महिने मी चाळीस किलोवर अडकले होते. रोज तोच रॉड, तोच घाम, तीच चिडचिड. मागच्या सोमवारी जिममध्ये शेजारी व्यायाम करणाऱ्या, साठीच्या सुलभाताईंनी आपल्या रॉडवरच्या दोन प्लेटा खुशाल उतरवल्या.

“कंबर दुखतेय का?” मी विचारलं.

“छे गं! आठवडाभर हलकंच उचलणार. विरजण लावल्यावर भांडं सारखं हलवतेस का तू?”

मीही चोरासारखी इकडेतिकडे बघत दहा किलो उतरवले. कुणाचंच लक्ष नव्हतं. इतकं हायसं वाटलं! मग इतके दिवस मी दातओठ खात होते ते कुणासाठी?

आज साडेबेचाळीस उचलले. आजही कुणी पाहिलं नाही. मी मात्र एकटीच खुदकन हसले.