रनिंग रूममधली सही
वांगं भाजल्याचा वास आला की मला रनिंग रूम आठवते. मालगाडी पोचवून आम्ही ड्रायव्हर तिथे विसावा घ्यायचो. भुसावळहून निघताना प्रत्येकाच्या पेटीत घरचा शिधा असायचा आणि पारोळ्याकडचा म्हातारा स्वयंपाकी तो ज्याचा त्याला वेगळा रांधून द्यायचा. मला साखरेचा त्रास, म्हणून बायको कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ आणि दोन वांगी बांधून द्यायची. नव्वदीनंतर ते स्वयंपाकघर ठेक्यावर गेलं. सुधारणा म्हणे. त्यानंतरच्या एका दुपारी मी पिशवी पुढे केली, तर म्हाताऱ्याने गाठ न सोडताच ती परत दिली. "भाऊ, हात मना शेतस, पन चूल आते त्यासनी शे," एवढंच म्हणाला. हात त्याचेच, पण चूल आता ठेकेदाराची. ताटात सगळ्यांना एकच, भात आणि बटाट्याचा रस्सा. दोन घास खाऊन उठलो, तर ठेकेदाराच्या माणसाने वही उघडली. पानभर 'जेवण उत्तम' आधीच लिहून ठेवलेलं. "तेवढी सही करा, साहेब." परतीची गाडी सुटायची होती, मी केली. असल्याच सह्या दाखवून ठेकेदाराने पुढच्या वर्षीचाही ठेका मिळवला आणि म्हाताऱ्याला काढून टाकलं. आता वांगं भाजताना ठेकेदाराच्या त्या माणसाचं तोंडही आठवत नाही. माझी सही मात्र जशीच्या तशी दिसते, आणि डोकं तापतं.