वीतभर जहाज आणि शिंकेला बंदी

दामले काकांच्या टेबलाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. तुटलेले पाइप, अर्धी शिडी, कुठल्या जहाजाची कोण जाणे अशी एक चिमणी, असं सगळं त्यात साठत जातं. मुद्दाम कोणी साठवत नाही. टाकवत नाही, एवढंच. आमच्या रविवारच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. मी तिथे फारशी बोलत नाही, त्यामुळे मला ते सगळे पाठ आहेत. डबा भरत आला, म्हणून थोडे इथे काढून ठेवते.

आम्ही प्लॅस्टिकच्या जुन्या मॉडेल युद्धनौका दुरुस्त करतो. कोणीतरी कधीकाळी हौसेने जोडलेल्या आणि मग माळ्यावर टाकलेल्या. जुना रंग उतरवायचा, तुटलेलं जोडायचं, हरवलेलं नव्याने बनवायचं, पुन्हा रंगवायचं. हे सगळं नारायण पेठेत, दामले काकांच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत चालतं. काका एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. अमृताताई मूळची अमरावतीची, आयटीत आहे, मांजरीहून स्कूटरवर येते. विश्रांतवाडीचे खैरे आजोबा नौदलातून रिटायर झालेत. त्यांना सगळे चीफ म्हणतात. आणि खालच्या मजल्यावरची मी, सई. नववी ब.

*

मी तिथे पोचले ती एका नांगरामुळे.

काकांनी एकदा टेबलावरचं कापड गॅलरीत झटकलं. त्या कापडावर तांदळाच्या दाण्याएवढा एक नांगर होता. तो आमच्या दोरीवर वाळत असलेल्या बाबांच्या शर्टाच्या खिशात पडला. इस्त्री करताना आईला तो सापडला. ती म्हणाली, "टाक तो कचरा." मी भिंगातून पाहिलं, तर त्याला कडीसुद्धा होती! हा कचरा नव्हता.

वर जाऊन बेल वाजवली आणि तळहात पुढे केला. बोलायचं काय, ते ठरवलंच नव्हतं. काकांनी नांगर पाहिला, मग मला पाहिलं. "किती दिवस शोधतोय मी हा! आत ये. चप्पल बाहेर. आणि टेबलाजवळ जोरात श्वास सोडू नकोस."

नाव त्यांनी तिसऱ्या रविवारी विचारलं.

*

त्या खोलीच्या दारावर पाटी आहे: "आत मास्ट वाळत आहे. शिंक आल्यास जिन्यात जावे. परत येण्याची घाई नाही."

ही पाटी लागायलाही कारण घडलं. मास्ट म्हणजे जहाजाची डोलकाठी. एका विनाशिकेची मास्ट अकरा तुकड्यांतून उभी होत आली होती, आणि शेवटचा तुकडा काकांच्या चिमट्यात होता. तेवढ्यात स्वयंपाकघरात काकूंनी ठेच्यासाठी मिरच्या परतायला घेतल्या. पहिली शिंक अमृताताईची, दुसरी माझी. तिसरी खुद्द काकांची, आणि तीच मास्टला लागली.

काका आत ओरडले, "अगं, रविवारी तरी मिरची नको करूस!"

काकू म्हणाल्या, "बरं. मग ताटात जहाज वाढते."

*

अमृताताईचं एकदा रविवारीही ऑफिसचं काम निघालं. तिने लॅपटॉप काकांच्या टेबलावर मांडला आणि मीटिंग ऐकत ऐकत तोफा बसवू लागली. चिमट्यातून एक तोफ उडाली आणि तिच्यामागे अमृताताई टेबलाखाली शिरली.

"काका, हलू नका! तुमच्या पायाखाली तोफ आहे!" ती खालून ओरडली. "बाप्पा, दुसरी पण पडली! सई, टॉर्च आण. दारूगोळ्याचा डबा लाथेने लवंडू नको!"

माइक चालूच होता.  लॅपटॉपमधून तिच्या दिल्लीच्या मॅनेजरचा आवाज आला, "अमृता, तुम सेफ हो ना? पुलिस को बुलाऊँ?"

तोफ सापडली. ती काकांच्या मोज्यात होती.

*

एका रविवारी चीफ एक स्टीलचा डबा घेऊन आले. आत जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली एक फ्रिगेट होती, बरोबर एक वीत लांबीची. चीफ नव्याने भरती झाले तेव्हा ज्या जहाजावर होते, त्याच जातीचं हे मॉडेल. एका परदेशी बंदरातून त्यांनी किट आणला होता आणि सुट्टीत घरी बसून जोडला होता. आता मास्ट गेलेली, डेक पिवळा पडलेला, जागोजागी गोंदाचे गोळे.

"खरं जहाज कधीच भंगारात गेलं," चीफ म्हणाले. "आता हेच. डिसेंबरात आम्ही जहाजावरचे जुने लोक भेटतोय. सातजण उरलोय. त्यांना दाखवण्यासारखं होईल का?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही करेल. हिची बोटं आपल्या चिमट्यापेक्षा बारीक आहेत."

मला नाही म्हणायचं होतं. पण त्यासाठीही बोलावं लागलं असतं!

*

त्याच दिवशी रंगाचा प्रश्न निघाला. काकांकडे राखाडी रंगाच्या चौदा बाटल्या आहेत. प्रत्येकीवर लेबल, प्रत्येकीचा वेगळा पुठ्ठ्याचा नमुना. त्यांनी चौदाही नमुने चीफसमोर ओळीने मांडले. खिडकीचा पडदा सारून नीट उजेड आणला.

"चीफ, घाई करू नका. आठवा. यातला नेमका कुठला राखाडी?"

चीफनी सगळे नमुने शांतपणे पाहिले. मग म्हणाले, "दामले, स्टोअरमधून जो डबा यायचा, तो."

काकांनी पडदा पुन्हा ओढून घेतला.

*

मास्टपासून चिमणीपर्यंत वायरलेसच्या तारा असतात. त्यासाठी प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर तापवून दोन्हीकडून ओढायची, की मधे कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा निघतो. माझा दर वेळी तुटायचा. अमृताताई म्हणाली, केस लावून बघ. माझा केस कुरळा, तार ताणून बसेना. तिचा फार जाड निघाला.

शेवटी काकूंनी कंगव्यातला एक पांढरा, सरळ केस काढून दिला. एकदम फिट!

काका खूश झाले. "इतकी वर्षं आमटीत सापडायचा. आज देशाच्या कामी आला."

काकू म्हणाल्या, "तुमचाच दिला असता हो. पण आहे कुठे?"

काकांचा हात आपोआप टकलावर गेला.

*

आता शेवटचा.

नोव्हेंबर संपता संपता चीफचं जहाज तयार झालं, पण मला ते खेळण्यासारखं वाटत होतं. फार स्वच्छ. अमृताताई म्हणाली, "त्याला समुद्र लागलाच नाही ना अजून! गंज दे." आमच्यातलं सगळ्यात नाजूक काम तेच. वार्निशवर पातळ केलेला तपकिरी तैलरंग, एका केसाच्या ब्रशने, वरून खाली. नांगराच्या भोकाखाली ओघळ, पाइपांखाली ओघळ, कठड्याच्या प्रत्येक खांबाखाली बारीकसा ओघळ. मी दोन रविवार तेवढंच केलं. काकांनी भिंगातून संपूर्ण जहाज पाहिलं आणि म्हणाले, "बरं आहे." अमृताताईने मला कोपर मारलं. काकांनी "बरं आहे" म्हटल्याचं तिने चार वर्षांत ऐकलं नव्हतं!

ते दोन्ही रविवार चीफ आले नव्हते; तिसऱ्या रविवारी आले. मेळावा पुढच्याच आठवड्यात होता. त्यांनी चष्मा पुसला, टेबलाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग ताठ उभे राहिले. तसं उभं राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ड्यूटीवर कोण होतं?"

अमृताताईने काकांकडे पाहिलं. काकांनी बाटल्यांकडे पाहिलं.

"मी," मी म्हणाले. त्या खोलीत माझा आवाज पहिल्यांदाच एवढा मोठा आला.

"हे काय आहे?"

"गंज."

"कोणाच्या जहाजावर?"

 काका मधे पडले, "अहो चीफ, खरं वाटावं म्हणून लावतात. सगळीकडे अशीच पद्धत आहे."

"खरं?" चीफ म्हणाले. "दामले, पहाटे उठून घासायचो आम्ही. खरवडायचो, रंगवायचो, पुन्हा घासायचो. हाताची सालं निघायची. कॅप्टन पांढरा रुमाल फिरवून बघायचा. आणि हे मी त्या सहाजणांपुढे नेऊ?"

 मीच कापसाच्या काड्या आणि थिनरची बाटली पुढे ओढली. चीफनी समोर खुर्ची घेतली.

"पुढच्या टोकापासून," ते म्हणाले. "वरून खाली. दाबू नको."

मी एक एक ओघळ पुसत गेले. थोड्या वेळाने काकांनी दुसऱ्या बाजूसाठी काडी उचलली. अमृताताई काळ्या झालेल्या काड्या गोळा करत होती. काकूंनी चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला. दोन रविवारांचं काम तासाभरात गेलं. माझे डोळे चुरचुरत होते. थिनरने चुरचुरतात.

जहाज पुन्हा नवंकोरं दिसू लागलं. डाव्या नांगराखाली एकच ओघळ राहिला होता. मी काडी तिथे नेली, तेवढ्यात चीफनी माझं मनगट धरलं.

"तेवढा राहू दे, पोरी."

"का हो?" काकांनी विचारलं.

चीफ जहाज बनियनमध्ये गुंडाळू लागले होते.

"तिथे घासायची पाळी माझी असायची. एक तरी ओघळ सुटायचाच," ते म्हणाले. "ते सहाजण आधी तिथेच बघतील."