फिक्या रंगातलं शहर

आमच्या शहरात भूकंप फारसा येत नाही, पण आमच्या ऑफिसात तो रोज येतो. कधी क्लायंटबरोबर येतो, कधी फोनवर, कधी नजीबभाईंच्या डब्याबरोबर साइटवरून. असे किस्से कुणी जमवत नाही, ते घरातल्या पिशव्यांसारखे आपोआप साठतात. लग्न ठरलं तेव्हा वाटलं होतं, आता हे सगळं मागं पडेल. पण सासरी गेले तर तिथं एक शाखा आधीच उघडलेली!

ऑफिस साळवे सरांचं. त्रिमूर्ती चौकाजवळ, एका मेडिकलच्या वर, दोन खोल्या. घर दिसायला कसं असावं हे आर्किटेक्ट ठरवतो आणि ते उभं कसं राहील हे सर ठरवतात. मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढते. नजीबभाई साइटवर जाऊन बघतात, की ड्रॉइंगमधलं लोखंड खरंच कॉलममध्ये गेलंय का.

मी फारशी बोलत नाही. नजीबभाई नव्या माणसाला माझी ओळख करून देतात ती अशी: "ये हमारे मॅडम. ऑफिस का पिलर. बोलते नै, बस खडे रहते!"

*

सरांच्या खुर्चीमागं भारताचा मोठा नकाशा आहे. भूकंपाचा धोका जिथं जास्त, तिथं रंग गडद. नवा क्लायंट आला की सर स्टीलची पट्टी घेऊन उठतात आणि वरून सुरुवात करतात. काश्मीर, उत्तराखंड, बिहारची वरची बाजू, आसाम. "आपला अख्खा देश वर सरकतोय, हिमालयाला ढकलतोय." मग पट्टी कच्छकडं, भूजवर. मग खाली कोयनेला. मग लातूर.

एकदा गंगापूरकडचे एक शेतकरी आले होते. मुलांच्या शिक्षणासाठी शहरात प्लॉट घेतलेला. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि काश्मीरपासून कोयनेपर्यंत सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चहा निवून गेला. शेवटी म्हणाले, "सर, तुमचं समदं खरं हाय. पण ह्यातल्या एकाबी ठिकाणी मला घर बांधायचं नाय. मला मुकुंदवाडीत बांधायचंय!"

सरांनी पट्टी आपल्या शहरावर आणली. "हा आपला रंग."

"लईच फिका दिसतो," पाहुणे खूश झाले.

"किल्लारी पण फिक्याच रंगात होती. भूकंप व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत."

पाहुण्यांनी टोपी उचलून डोक्यावर घातली आणि म्हणाले, "लोखंड किती लागंल म्हनले?"

*

कॉलमच्या उभ्या सळयांना लोखंडी रिंगा बांधतात. त्या रिंगांची टोकं आत, काँक्रीटच्या पोटात वळवायची असतात. तशी वळवली नाहीत तर जमीन हलल्यावर रिंग उघडते आणि कॉलम फुटतो. आता हे कारागिराला कसं पटवायचं? त्याला टोकं तशीच सोडायची सवय असते, आणि दिवसभरात अशा शेकडो रिंगा.

नजीबभाईंनी एक दाखला शोधून काढला होता. स्वतःवरच खूश होऊन त्यांनी तो एका साइटवर वापरला. "देख मियाँ, गाडी में सीट बेल्ट लगाये, पर बक्कल नै लगाये, तो बेल्ट किस काम का?"

कारागिरानं पक्कड खाली ठेवली.

"भाई, मेरे पास गाडीच नै है."

नजीबभाईंनी मग खाली बसून दुपारभर रिंगा त्याच्यासोबत वळवल्या.

*

बीड बायपासकडच्या एका बंगल्यात कॉलम नेमका देवघरात आला. घरच्या बाई ऑफिसात आल्या, सोबत वास्तूवाले गुरुजी. कॉलम हलवा म्हणाले.

सर म्हणाले, "कॉलम हलणार नाही. देव हलवा."

"देव कसे हलवणार?" बाई घाबरल्या.

"मग कॉलम हलवा. भूकंप आला की देव आपोआप हलतील."

गुरुजींनी चष्मा पुसला आणि त्या जागेवर स्तंभ शुभच असतो असं सांगितलं.

घर झाल्यावर वास्तुशांतीचं जेवायला आम्ही तिघं गेलो. देवघरात पाहतो तर कॉलमला हळदकुंकू, झेंडूचा हार आणि समोर निरांजन! सरांनी कॉलमकडं बघत हात जोडले. नजीबभाई मात्र बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "मॅडम, पूरे शहर में यहीच एक कॉलम है, जिसकू कोई ड्रिल नै मारेगा."

*

हिंगोली-नांदेडकडं अधूनमधून जमीन हलते. कधी त्याचा हलकासा झटका इकडंही जाणवतो. मग दिवसभर आमचा फोन थांबत नाही.

अशाच एका झटक्यानंतर एका क्लायंटचा फोन. आवाज नाराज. "मॅडम, मी सगळं घर फिरून बघितलं. वर-खाली, गच्ची, बाथरूम, सगळं!"

मी घाबरले. "काय झालं?"

"काय झालं म्हणजे? एवढं लोखंड घालायला लावलं सरांनी, आणि साधी एक चीर नाय पडली!"

*

आता घरचं.

'पाहण्याच्या' कार्यक्रमानंतर आम्ही मुलाचं घर बघायला गेलो. आई, मावशी आणि मी. माझे सासरे एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, त्यामुळं त्यांचा आवाज मागच्या सीटपर्यंत जातो. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. तर मामांनी दारातच सांगितलं, "हॉल बघा! हॉल असा पाहिजे, की एसटी आत वळली पाहिजे!"

हॉल खरंच मोठा होता. कारण दोन खोल्यांमधली भिंत मामांनी काही वर्षांपूर्वी पाडली होती. घर जुनं, कॉलम नसलेलं. सगळा भार विटांच्या भिंतींवर. पाडलेल्या भिंतीच्या जागी वर एक लोखंडी गर्डर टाकलेला, त्याला सोनेरी ऑइलपेंट. गर्डरच्या टोकाखाली विटांमधून एक चीर तिरकी खाली येत होती. आणि त्याच्या बरोब्बर वर, गच्चीत, पाण्याची टाकी.

मी पोहे खाल्ले आणि वर बघत राहिले.

परत येताना मावशी चिडली. "मुलगा समोर बसलेला, आणि तू पंख्याकडं काय बघत होतीस गं?"

तिकडं काय झालं ते लग्नानंतर अमोलनं, म्हणजे नवऱ्यानं सांगितलं. आम्ही गेल्यावर मामांनी निकाल दिला होता, "पोरगी देवभोळी हाय. सारखी वर बघती!"

चिरेचं मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. मुलगा चांगला होता.

*

लग्नानंतर अमोलनं पहिल्यांदा फिरायला नेलं ते वेरूळला. कैलास लेण्यासमोर त्यानं फोन काढला. मी काहीतरी गोड बोलेन, अशी त्याची अपेक्षा असावी.

"अख्खं एकाच दगडात आहे," मी म्हणाले. "कुठंच जॉइंट नाही."

हे तो अजून मित्रांना सांगतो. माझा आवाज काढून सांगतो.

*

आत्या कमी बोलतात. त्या बाबतीत आमचं जमतं. त्यांचं माहेर औशाकडचं, किल्लारीपासून लांब नाही. त्या भूकंपात त्यांच्या माहेरी कुणाचं काय झालं, मला माहीत नाही. त्या सांगत नाहीत, मी विचारत नाही.

एक मात्र दिसतं. कुठंही गेलं तरी आत्या दाराजवळ बसतात. लग्नात, बारशाला, दवाखान्यात. नव्या जोडीला दर्शनाला न्यायचं म्हणून आम्ही सगळे खुलताबादला गेलो होतो, तेव्हा जेवायला हॉटेलात आत पंख्याखालचं टेबल रिकामं होतं. आत्या दारातल्या टेबलाशी बसल्या. ऊन थेट पाठीवर.

"हिच्यासंगं हॉटेलात आलं की मला लाज वाटती," मामा वेटरला म्हणाले. "बिल बुडवून पळायची तयारी असल्यावानी बसती!"

आत्यांनी पाण्याचा ग्लास जवळ ओढला. झालं.

आणि त्या झोपतात बाहेर, ओट्यावर, पत्र्याखाली. उन्हाळा असो की थंडी. याची कारणं घरात प्रत्येकाकडं तयार आहेत. मामा म्हणतात, "माझ्या घोरण्यामुळं." अमोल म्हणतो, "आईला मोकळी हवा लागते." मला वाटायचं नव्या जोडप्याला संकोच नको म्हणून. थंडीत मी एकदा म्हणाले, "आत्या, आत झोपा ना." तर म्हणाल्या, "मला हितंच बरं हाय, बाय."

*

दिवाळीनंतर मामांनी जाहीर केलं, की वर मजला चढवायचा. नव्या जोडीला मोकळी जागा, पुढं गॅलरी, गॅलरीत झोपाळा! ओळखीचा बांधकामाचा गुत्तेदार येऊन टेप लावून गेला. "काय होत नाय मामा, भिंती जुन्या हायत, दणकट," म्हणाला. चहा सोनेरी गर्डरखाली बसूनच प्याला.

खरं सांगायचं तर तो मजला मलाही हवा होता. एका दुपारी ऑफिसात डबा खाता खाता मी त्याचं ड्रॉइंगही काढलं. पूर्वेला खिडकी, खिडकीखाली कट्टा. मग त्याचा भार खालच्या भिंतींवर टाकून बघितला आणि फाइल बंद केली.

घरात हे सांगायचं कसं? मामा गल्लीभर सांगत होते, "सुनेसाठी चढवतोय!" रोज ठरवायचे, आज बोलते. रोज भाजीत मीठ आहे का एवढंच बोलून व्हायचं. तोवर विटांचा ट्रॅक्टर येऊन दारात रिकामा झाला.

मग मामांनीच साळवे सरांना चहाला बोलावलं. मजल्याच्या परवानगीसाठी सही पाहिजे होती. "घरचाच माणूस हाय सूनबाईचा, लगेच करंल."

सर आले, सोबत नजीबभाई. सरांनी वर बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं, की मला कधीचं कळलंय.

मामांनी हॉल दाखवला, एसटीचं वाक्य म्हटलं. सरांनी नकाशाशिवायच सुरुवात केली. हिमालय, कच्छ, कोयना. मामांनी भूजच्या आधीच हात जोडले होते. "सर, आपल्या गावाला काय होत नसतं. इतकी वर्षं झाली, काय झालंय का?"

सर बोलणार, तेवढ्यात मी बोलले. आवाज माझाच होता, पण मलाही ओळखू आला नाही.

"मामा, मजला नको. आधी मधली भिंत परत घाला."

मामा सरांकडं वळले. "हे तुम्ही शिकवलं व्हय?"

"नाही," सर म्हणाले. "माझ्याकडं त्या बोलतच नाहीत."

"अगं, पण तुझ्यासाठीच चाललंय हे!" मामा मला म्हणाले. आवाज पहिल्यांदाच पुढच्या सीटपुरता होता. "हॉल गेला, मजला गेला. मग लोकांना दाखवायचं काय?"

लग्नाला वर्षही झालेलं नाही आणि मी सासऱ्यांचा हॉल पाडायला निघालेली. पाडायला नव्हे, बांधायला. पण त्यांना ते एकच होतं.

आत्या दाराजवळ बसल्या होत्या, नेहमीच्या जागी. तिथूनच म्हणाल्या, "वर वझं, खाली मोकळं. आसलं घर बघितलंय मी."

आणि पदर सावरून गाळणी आणायला आत गेल्या. सोनेरी गर्डरखालून नाही, भिंतीच्या कडेकडेनं. मी त्यांना रोज तशाच जाताना बघत होते.

मामांनी त्या कडेकडं बघितलं. मग दारातल्या विटांकडं. मग गुत्तेदाराला फोन लावला. "अरे, त्या विटा वर नको चढवू. आतच घे."

*

भिंत नऊ इंची घातली, जुन्या पायावर, वर स्लॅबला घट्ट भिडवून. टाकी स्वयंपाकघराच्या बाजूला सरकवली. गुत्तेदारानं भिंतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला सांगितलं होतं. ते काम आत्यांनी कुणाला करू दिलं नाही. सकाळी, दुपारी, चहाआधी, चहानंतर, बादली घेऊन उभ्या. नजीबभाई बघायला आले, तर फरशीवर तळं. "अम्मा, अब बस करो. भिंत कू सर्दी हो जाएगी!"

मामा मात्र नाराज. येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढुसा झालेला हॉल दाखवायचे. "बघा! आता रिक्षाबी वळायची नाय हितं."

भिंत वाळली, रंग लागला. फिका पिवळा, आत्यांनी निवडलेला. त्या दिवशी जेवणं झाली, मामा आतल्या खोलीत पलंगावर आडवे झाले. मी भांडी लावत होते. आत्या ओट्यावर गेल्या, गादी गुंडाळली, काखेत मारली आणि आत आल्या. हॉलमध्ये नव्या भिंतीलगत ती पसरली. उशी भिंतीला टेकवली.

मामा उठून बसले. "काय गं? आज घोरणं चालंल व्हय?"

आत्या गादी झटकत म्हणाल्या, "घोरा खुशाल. भिंत हाय आता."